ओगलेवाडीच्या कंदिलाला भोक पाडू नका: जिल्ह्याच्या कारभाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
सातारा जिल्ह्याचं नियोजन, वारसा-जतन, संग्रहालयं आणि तंत्रशिक्षण यांचे कागद ज्यांच्या सहीने पुढे सरकतात, ते सर्व अधिकारी आणि लोकप्रतिनिधी

विषय: ओगले काचकारखान्याचे साचे, कागद, काचेचे ढीग आणि कारागिरीचं ज्ञान वेळेत नोंदवून जपण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

जिल्ह्यातल्या एका शासकीय कार्यक्रमात मंचाच्या दोन्ही बाजूंना मिळून आठ जुने प्रभाकर कंदील टांगले होते. खाली फलक होता, 'आपला औद्योगिक वारसा'. प्रत्येक कंदिलात बल्ब पेटत होता. वायर आत घेण्यासाठी टाकीच्या बुडाला बोटभर रुंद भोक पाडलं होतं. बर्नर उपटून काढले होते. एका कंदिलाला काच दुसऱ्याच मापाची, अर्धा इंच बुटकी, आणि ती हलू नये म्हणून खाली पुठ्ठ्याची घडी सरकवलेली. पाच कंदिलांची वरची झाकणं दाबून चेपलेली होती.

हे कुणी वाईट हेतूने केलं असं आम्ही म्हणत नाही. सजावट करणाऱ्याला ती टाकी म्हणजे पत्र्याचा डबा वाटली, आणि ज्यांनी त्याला थांबवायचं त्यांनाही तसंच वाटलं. या वस्तूत काय आहे हे आज कार्यालयात बसलेल्या कुणालाच माहीत नाही, आणि ते माहीत करून घेण्याची व्यवस्थाही नाही. हे पत्र त्यासाठी लिहीत आहोत. ते उघडपणे लिहीत आहोत, कारण ओगलेवाडीचा कंदील एका गावाचा किंवा एका घराण्याचा नाही. महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत दिवेलागणीला राखेने पुसली जाणारी काच या गावातून आली होती.

आम्ही कंदील दुरुस्त करणारे, पत्र्याचं झाळकाम (सोल्डरिंग) करणारे आणि काचेच्या भट्टीचं काम जाणणारे काही जण आहोत. आमचा यातला संबंध रोजचा आहे. कंदील पुन्हा पेटता करायचा तर काचेची उंची, वातीची रुंदी, बर्नरच्या घुमटाची फट हे सगळं अचूक लागतं. ही मापं ज्या साच्यांत आणि ज्या माणसांच्या हातांत होती, ती दोन्ही आपल्या डोळ्यांदेखत संपत चालली आहेत.

आधी थोडक्यात इतिहास, कारण पत्र वाचणाऱ्या सगळ्यांनाच तो ठाऊक असेल असं नाही. स्वदेशीच्या चळवळीत अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली, टिळकांनी तिला बळ दिलं, आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगाव दाभाड्याला काचकारखाना उभा राहिला. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडी वसवली. १९१६ मध्ये कराडजवळ ओगले बंधूंनी आपला काचकारखाना सुरू केला आणि त्या वस्तीला ओगलेवाडी हे नाव मिळालं. किर्लोस्करवाडी आणि ओगलेवाडी या दोन्हींच्या पाठीशी औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी उभे राहिले. कंदिलाचं 'प्रभाकर' हे नाव ओगले बंधूंच्या वडिलांचं. साल बघा: पहिलं महायुद्ध चालू होतं, जर्मनी आणि ऑस्ट्रियाकडून येणारा काचमाल थांबला होता, आणि दिव्याची काच फुटली तर दुसरी मिळणं कठीण झालं होतं. कारखाना उभारायला निकड होती आणि बाजारही होता.

कराडचं रेल्वे स्टेशन याच ओगलेवाडीत आहे, हे मुद्दाम सांगतो. काचकारखान्याला कच्चा माल टनांनी लागतो आणि तयार माल हलका, नाजूक, जागा खाणारा असतो. एक टन वाळू वाघिणीच्या कोपऱ्यात मावते. तिच्यातून झालेल्या कंदिलाच्या काचा भाताच्या पेंढ्यात गुंडाळून खोक्यांत भरल्या की वाघीण भरून जाते. रूळ जवळ नसतील तर असा धंदा वाहतुकीच्या खर्चातच बुडतो.

आता आमच्या तक्रारी.

पहिली तक्रार अशी की सरकारी कागदांत या कारखान्याचा इतिहास म्हणजे एक साल, संस्थापकांची नावं आणि 'येथे कंदील बनत असत' हे एक वाक्य. बनत असत म्हणजे कसे? या प्रश्नाचं उत्तर नोंदवलं नाही तर बाकीची पाटी असून नसल्यासारखी. कंदिलाची एक साधी काच घ्या. तोंडाने फुंकण्याच्या पद्धतीत ती कशी होते ते सांगतो, म्हणजे काय हरवतं आहे याचा अंदाज येईल.

शंभर किलो शुद्ध वाळूला साधारण ३५ ते ४० किलो सोडा ॲश आणि १५ ते २० किलो चुनखडीची पूड, शिवाय चौथा हिस्सा तरी फुटकी काच. फुटकी काच लवकर वितळते आणि बाकीच्या मालाला वितळायला मदत करते, म्हणून ती कुणी टाकून देत नाही. वाळूत लोखंडाचा अंश हजारात एक भाग असला तरी काच हिरवट दिसते. तो हिरवटपणा मारायला मँगनीज डायऑक्साइड किंवा सेलेनियम अगदी थोडं घालतात. मँगनीज जास्त पडलं तर काच जांभळट होते. कधी कधी ताजी असताना पांढरी दिसते आणि वर्षानुवर्षं उन्हात राहून जांभळी होते. जुन्या काचेच्या रंगावरून पाककृतीचा अंदाज बांधता येतो तो असा.

हे मिश्रण मातीच्या मुशीत, १४०० अंश सेल्सिअसच्या वर वितळवतात. मूस हीच मोठी कारागिरी. अग्निरोधक माती आणि भाजलेल्या मातीचा भरडा मळून ती हाताने थर चढवत बनवायची, महिनोन् महिने सावलीत वाळवायची, मग वेगळ्या भट्टीत काही दिवस हळूहळू तापवून लालबुंद असतानाच मुख्य भट्टीत सरकवायची. घाई केली की मुशीला तडा जातो. तडा गेलेल्या मुशीतून वितळलेली काच भट्टीच्या तळावर उतरते आणि तळाच्या विटा खाऊन टाकते. एक मूस फुटली तर तिच्यातला माल जातो, तिच्यावर काम करणारी टोळी बसून राहते आणि भट्टीची दुरुस्ती होते ती वेगळीच.

काच पूर्ण वितळून बुडबुडे निघून गेले की उष्णता थोडी उतरवतात, म्हणजे ती मधासारखी दाट होते. कारागीर साधारण पाच फुटांची लोखंडी फुंकनळी मुशीत बुडवून गोळा उचलतो. गोळा किती उचलायचा हे तराजू सांगत नाही, मनगट सांगतं. सपाट लोखंडी पाट्यावर तो लोळवून गोल करायचा, थोडी फुंक घालून आत पोकळी करायची, मग बिजागरीच्या ओतीव लोखंडी साच्यात धरून, नळी सतत फिरवत फुंकायचं. साच्याच्या आतल्या बाजूला जळालेल्या कोळशासारखा लेप असतो आणि दर फुंकीआधी तो पाण्याने ओला करतात. गरम काच टेकली की पाण्याची वाफ होते, त्या वाफेच्या पातळ थरावर काच फिरते, म्हणून तिच्यावर साच्याचा सांधा उमटत नाही. हातात जुनी कंदिलाची काच असेल तर उजेडात धरून बघा: उभी रेघ नसेल तर ती अशी फिरवत फुंकलेली आहे.

यानंतरची पायरी लोकांना ठाऊक नसते आणि तिथेच माल जातो. साच्यातून काढलेली काच तशीच हवेवर निवू दिली तर बाहेरचा थर आधी आखडतो, आतला मागाहून, आणि काचेत ताण अडकून बसतो. ती वरून निर्दोष दिसते आणि दुसऱ्या दिवशी कपाटात ठेवल्याठेवल्या तडकते. म्हणून ती साधारण ५५० अंशांच्या बोळकांडीत ठेवून तासन् तास हळूहळू निववावी लागते. मग दोन्ही टोकं कापायची: आखलेल्या रेषेवर बारीक ज्योत फिरवून ओल्या बोटाचा किंवा थंड लोखंडाचा स्पर्श, की टोकाचा जादा भाग अलगद सुटतो. शेवटी कडा घासून सपाट करायच्या. कड तिरकी राहिली तर काच बर्नरवर नीट बसत नाही, फटीतून वारा शिरतो आणि ज्योत धूर सोडते.

जाड काच जास्त टिकते असा सर्वसाधारण समज आहे. कंदिलात ते उलटं आहे. जाड भिंतीची आतली बाजू तापते, बाहेरची थंड राहते आणि फरक वाढला की तडा जातो. काच दीड-दोन मिलीमीटरची आणि सगळीकडे सारख्या जाडीची हवी. ती तशी फुंकणं हेच कसब. हे कसब कुठल्याही शासकीय पुस्तिकेत दोन ओळींतही आलेलं नाही, आणि ज्यांच्या हातात होतं त्यांच्यापैकी जो माणूस १९६५ साली वीस वर्षांचा होता तो आज ऐंशी ओलांडतो आहे.

दुसरी तक्रार भंगाराची. बंद कारखान्यातली वस्तू निकाली काढताना आपल्याकडे एकच माप वापरतात, किलो. ओतीव लोखंडाचा साचा किलोवर जातो. पत्रा दाबण्याचा डाय किलोवर जातो. हिशेबाच्या आणि भट्टीच्या वह्या रद्दीच्या भावाने जातात. लिलावाच्या यादीत 'लोखंडी भंगार, मिश्र, एक लॉट' असं लिहिलेलं आम्ही अनेक ठिकाणी पाहिलं आहे. त्या 'मिश्र' शब्दात काय काय असतं? साच्याच्या पोटात काचेचा नेमका घाट असतो. त्याला वाफ निघून जायला पाडलेली बारीक भोकं असतात, आणि ती कुठे आहेत यावरून कारागिराला कुठे त्रास होत होता ते कळतं. बिजागरीची झीज सांगते की साचा किती चालला. आतला लेप कुठे घासला आहे त्यावरून काच कोणत्या दिशेने फिरवत होते तेही दिसतं. काठावर ठोकलेला आकडा मापाचा असतो. हे सगळं वितळवून पाच-दहा किलो लोखंड मिळतं.

तिसरी तक्रार मंचावरच्या त्या आठ कंदिलांची, आणि ती जरा सविस्तर सांगतो, कारण हा प्रकार हॉटेलं, लग्नमंडप आणि संग्रहालयं सगळीकडे पसरला आहे.

कंदील म्हणजे वाऱ्याचं यंत्र आहे. बाजूच्या दोन वाकड्या नळ्या धरायला केलेल्या नाहीत. १८६० च्या दशकाच्या शेवटी आणि पुढल्या काही वर्षांत जॉन अर्विन या अमेरिकन माणसाने या नळ्यांच्या दोन रचना काढल्या आणि जगभरचे कंदील त्याच दोन घराण्यांतले आहेत. पहिल्या रचनेत ज्योतीवरून वर गेलेली गरम हवा, थोड्या ताज्या हवेत मिसळून, नळ्यांतून परत बर्नरखाली येते. ज्योत वाऱ्याने विझत नाही, पण हवेत प्राणवायू कमी म्हणून उजेड मंद. दुसऱ्या रचनेत वरच्या धुराड्याभोवती वेगळी हवेची पेटी असते. धूर मधल्या वाटेने निघून जातो आणि नळ्यांत फक्त बाहेरची ताजी हवा उतरते. तेवढंच रॉकेल, पण उजेड कितीतरी जास्त. वाऱ्याची झुळूक आली तरी ती एकाच पेटीतून दोन्ही नळ्यांत शिरते, म्हणून ज्योतीखालचा दाब एकदम बिघडत नाही.

एखादा कंदील कोणत्या घराण्यातला हे वरची टोपी उचलून आत बघितलं की दोन मिनिटांत कळतं. टोपी चेपली की कळत नाही, आणि कंदील पेटतही नाही: पेटीचं तोंड बंद होतं, हवा कमी पडते, ज्योत पिवळी होऊन काजळी धरते. आमच्याकडे 'धूर करतो' म्हणून येणाऱ्या कंदिलांत हेच कारण असतं, नाहीतर नळीत कुंभारमाशीने केलेलं मातीचं घर.

टाकीचं तर अधिकच नाजूक काम. पाव ते एक तृतीयांश मिलीमीटर जाडीचा कथिल चढवलेला पत्रा, वाटीसारखे दोन भाग दाबून काठ दुमडलेले आणि झाळ दिलेली. ती गळते की नाही हे बघायला आत थोडी हवा भरून पाण्यात बुडवतात. बुडबुडा दिसेल तिथे पुन्हा झाळ. धुराड्याजवळच्या वरच्या सांध्यांना मात्र झाळ चालत नाही, उष्णतेने ती मऊ पडते. म्हणून तिथे पत्रा दुमडून दाबलेला असतो. जुन्या टाक्या गंजतात त्या बुडातून, कारण रॉकेलमध्ये उतरलेलं पाणी तळाशी बसतं. म्हणजे बूड हा टाकीचा आधीच सर्वात कमजोर भाग, आणि नेमकं तिथेच ड्रिल चालवतात. ड्रिलच्या भोकाभोवतीचं कथिल उडतं, उघड्या लोखंडाला गंज चढतो आणि दोन पावसाळ्यांत सांधा सुटतो. नंतर ठिगळ लावता येतं, पण ती टाकी पुन्हा रॉकेल भरून कुणाच्या हातात द्यायचा भरवसा आम्हाला वाटत नाही.

उजेडच दाखवायचा असेल तर भोक पाडायची गरज नाही. बर्नर काढून जपून ठेवा, त्याच्या जागी बसेल असा लाकडी गट्टू कातून घ्या, त्यावर बॅटरीचा छोटा दिवा बसवा. वायर नाही, भोक नाही, आणि उद्या कंदील पुन्हा होता तसा. त्याहून चांगलं म्हणजे एक तरी कंदील खरा पेटवा. नवी वात आधी अर्धा तास रॉकेलमध्ये भिजू द्यायची. वरची कड सरळ कातरून दोन्ही कोपरे केसभर उतरवायचे, नाहीतर ज्योतीला शिंगं फुटतात आणि ती काचेला चाटते. काच फुटण्याचं हे पहिलं कारण. पेटवल्यावर पाच मिनिटं वात खाली ठेवायची, काच सगळीकडून सारखी तापली की वर घ्यायची. तापलेल्या काचेवर पाण्याचा थेंब नको. पाऊण इंचाच्या आसपासच्या वातीला तासाला १५ ते २५ मिलीलीटर रॉकेल पुरतं. उजेड पडतो चार ते दहा मेणबत्त्यांचा. शाळेतल्या मुलांना तो एकदा अंधाऱ्या खोलीत दाखवा, आजी-आजोबा कशात अभ्यास करत होते ते भाषण न करता कळेल.

चौथी तक्रार छोटी आहे. वारशाच्या याद्या आम्ही वाचतो. किल्ले असतात, मंदिरं असतात, वाडे असतात, आणि असायलाच हवेत. भट्टी, धुराडं, गोदाम, कामगारांच्या चाळी क्वचितच असतात. मुंबईच्या गिरण्या गेल्यावर आपण हळहळलो. लहान गावांतले कारखाने जाताना हळहळायलाही कुणी नसतं.

पाचवी तक्रार जमिनीची, आणि ही तातडीची. बंद कारखान्याची जागा मोकळी करायची म्हणजे जेसीबी आणून सपाट करायची अशी रीत आहे. जुन्या काचकारखान्याच्या आवारात सगळ्यात बोलकी गोष्ट जमिनीखाली असते: मुशींची खापरं, भट्टीचा मळ आणि टाकाऊ काचेचे थर. फुटक्या काचेत अडकलेला पांढरा खडा म्हणजे न विरघळलेली वाळू किंवा मुशीची माती. तेलासारख्या वळवळत्या शिरा म्हणजे मिश्रण नीट एकजीव झालेलं नव्हतं. बारीक बुडबुडे म्हणजे भट्टीला उष्णता कमी पडली किंवा घाई झाली. खालपासून वरपर्यंत थरांतले पन्नास-पन्नास ग्रॅमचे नमुने क्ष-किरण पृथक्करणाला दिले तर लोखंड, मँगनीज, चुना यांचं प्रमाण काळानुसार कसं बदललं हे मिळतं. वह्या हरवल्या तरी काच साक्ष देते. जेसीबीने थर एकदा उलटेपालटे केले की ती साक्ष संपली.

दुसरं, वितळलेल्या काचेतले बुडबुडे काढायला जुन्या काळी जगभर सोमल (आर्सेनिक) वापरत. कच्चा माल मिसळायच्या जागेची माती तपासल्याशिवाय कुठल्याही जुन्या काचकारखान्याच्या आवारात शाळेच्या मुलांना श्रमदानाला नेऊ नका. बारीक वाळूची धूळ फुफ्फुसात जाते आणि परत निघत नाही. भट्टीच्या जुन्या आवरणांत ॲस्बेस्टॉसही असू शकतं.

कंदील गेला तो काही कुणाच्या चुकीने गेला नाही, हेही लिहून ठेवायला हवं. कोयनेची वीज १९६२ पासून मिळू लागली आणि पुढच्या दोन-तीन दशकांत खांब गावोगाव पोहोचले. ज्या नदीचा आणि कृष्णेचा संगम कराडला होतो, त्याच नदीच्या विजेने कराडच्या कंदिलाची गरज संपवली. या जिल्ह्यात धरणाचा आणि कारखान्याचा इतिहास एकत्र सांगता येतो, आणि तसा तो सांगितला गेला पाहिजे. पण गरज संपली म्हणून ज्ञान टाकून द्यायचं नसतं. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात ग्लव्हर्सव्हिल नावाचं छोटं शहर आहे. हातमोजे शिवणाऱ्यांचं म्हणून ते नाव पडलं. एकेकाळी त्या देशातले बहुतेक कातडी हातमोजे तिथे होत. कारखाने उठले, पण तिथल्या संग्रहालयात हातमोजे कसे बनत ते दाखवणारं दालन आजही आहे. चारआठ लोकांच्या हट्टानेही एवढं होऊ शकतं. आपल्याकडे तर शासन आहे, आयटीआय आहेत, अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत.

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

१. ओगलेवाडीच्या कारखान्यातली म्हणून ओळखली जाणारी कुठलीही वस्तू शासकीय ताब्यात असेल किंवा शासकीय परवानगीने निकाली निघणार असेल, तर आधी तिची नोंद करा. प्रत्येक साच्याचं वजन, व्हर्निअरने चार ठिकाणी आतला व्यास, उंची, ठोकलेले आकडे, आणि मोजपट्टी शेजारी ठेवून सहा बाजूंनी फोटो. एका साच्याला वीस मिनिटं पुरतात. खासगी मालकांवर सक्ती करा असं आम्ही म्हणत नाही; त्यांना विनंती करा, नोंद करायला माणूस पाठवा, आणि विकायचंच असेल तर भंगाराच्या भावाने ते खरेदी करायची छोटी तरतूद ठेवा.

२. जुन्या कामगारांकडून कामाची माहिती घ्या, आणि ती घेताना नुसते प्रश्न विचारू नका. समोर टेबलावर सुटा केलेला कंदील आणि एक फुटकी काच ठेवा. हातात वस्तू आली की माणूस बोलतो, आणि त्या त्या भागाला कारखान्यात काय म्हणत तो शब्दही आपोआप तोंडातून येतो. भट्टीवाले, फुंकणारे, साचे घडवणारे, झाळकाम करणारे आणि पेंढ्यात माल भरणाऱ्या बाया, सगळ्यांना विचारा. कॅमेरा चेहऱ्यावर कमी आणि हातांवर जास्त ठेवा. हे काम पुढच्या अर्थसंकल्पाची वाट बघू शकत नाही.

३. वह्या, बिलं, लेबलं, माहितीपत्रकं मिळतील तिथून स्कॅन करून मूळ कागद मालकाला परत द्या. कागदाला लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, स्टेपलरच्या पिना काढून टाका. भट्टीची रोजनिशी आणि कच्च्या मालाच्या मिश्रणाची वही सापडली तर ती सगळ्यात आधी.

४. जमिनीवर यंत्र चालवण्याआधी टाकाऊ काचेचा ढीग जिथे असेल तिथे निदान दोन चाचणी-खड्डे घ्या, एक मीटर लांब-रुंद, थराथराने. त्याच वेळी मातीतला सोमल आणि शिसं तपासा. अहवाल मराठीत जाहीर करा.

५. शासकीय कार्यक्रम, विश्रामगृहं आणि संग्रहालयं यांत जुन्या कंदिलाला भोक पाडणं, बर्नर उपटणं आणि रंग फासणं थांबवणारं एक पानी परिपत्रक काढा. रंगाखाली कारखान्याचा शिक्का झाकला जातो, हे त्यात लिहा.

६. जिल्ह्यात कुठल्याही एका ठिकाणी, शाळेच्या खोलीतही चालेल, एक पूर्ण संच ठेवा: एक सुटा केलेला कंदील प्रत्येक भागाच्या नावासह, एक उभा चिरलेला, हवेची वाट दाखवणारा, एक पेटता. सोबत काच तपासायची साधी पेटी, प्रकाशाचं ध्रुवीकरण करणारे दोन पारदर्शक पत्रे (पोलरायझर) आणि मागे दिवा. पत्रे आडवे-उभे धरून मध्ये काच ठेवली की नीट न निववलेल्या काचेत ताणाचे पट्टे उमटतात. भौतिकशास्त्राच्या तासाला याहून चांगलं साधन क्वचित मिळेल.

७. स्टेशनच्या आवारात फलक लावायचा झाला तर त्यावर साल आणि नावांबरोबर काच कशी होत होती तेही चित्रांसह लिहा. मजकूर लावण्याआधी काचकाम जाणणाऱ्या माणसाकडून तपासून घ्या.

यातल्या दोन, तीन आणि पाच क्रमांकाच्या मागण्यांना पैसा जवळजवळ लागत नाही. एकला मनुष्यबळ लागतं, ते जवळच्या आयटीआयच्या विद्यार्थ्यांकडून मिळू शकतं आणि त्यांनाही मापन शिकायला मिळतं. चारला खर्च आहे आणि तज्ज्ञही लागतील. सहाला जागा आणि एक जबाबदार माणूस.

मंचावरचे ते आठ कंदील आज कुठल्या तरी गोदामात असतील. त्यांच्यापासूनच सुरुवात करता येईल. ते आमच्या ताब्यात द्या असं आम्ही मागत नाही. जिथे आहेत तिथे दोन दिवस टेबल मिळालं तर भोकांना आतून पत्र्याचं ठिगळ लावून देऊ, टोप्या सरळ करू, ज्याची काच ज्याला बसते ती लावू, आणि प्रत्येकाचं मापपत्रक तयार करून देऊ. रॉकेल भरायला ते लायक होणार नाहीत, पण निदान बघायला खरे होतील. काढलेले बर्नर कुणी टाकून दिले नसतील तर तेवढे मात्र शोधून ठेवा. आठांपैकी चार सापडले तरी चालेल, बाकीच्यांचं माप त्यांच्यावरून घेता येईल.

तीस दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे.

आपले,
कंदील दुरुस्त करणारे, झाळकाम करणारे आणि काचकाम जाणणारे काही नागरिक
कराड परिसर